वापरात असलेली खोली

वर पाहिलं ते पंख्यासाठी. वीज गेली होती, आणि अकोल्यात एप्रिलच्या दुपारी पंखा थांबला की माणूस आधी वर पाहतो आणि मग वीजवाल्यांचा उद्धार करतो. तसं मी वर पाहिलं. एका हातात दूध काढायचा पंप, दुसऱ्या हाताने ओढणी धरलेली, कुर्त्याची बटणं उघडी, बाटलीत तळाला थोडं दूध जमलेलं. पात्यांचा वेग कमी होत गेला, ती एकेक वेगळी दिसायला लागली, आणि त्यांच्या पलीकडे, लोखंडी कपाटाच्या वर, दोन भिंती छताला मिळतात त्या कोपऱ्यात एक काळी काचेची वाटी पालथी बसवलेली दिसली. आमच्या क्लासमध्ये तसल्या वाट्या प्रत्येक वर्गात आहेत. मी रोज त्यांच्याखाली उभी राहून शिकवते. सुरुवातीला पदर, ओढणी, केस सारखे सावरायचे, मग सवय झाली. त्यामुळे पहिल्यांदा मनात काहीच आलं नाही. कॅमेरा आहे, एवढंच. मग लक्षात आलं की मी वर्गात नाहीये. मी दूध काढायच्या खोलीत आहे, आणि या खोलीत मी महिनाभर अशीच, याच खुर्चीवर, याच कोपऱ्याकडे तोंड करून बसत आले आहे. त्या वाटीच्या आत एक लाल ठिपका होता, की खिडकीच्या फटीतून आलेला उजेड काचेवर पडला होता, ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. पंप दाबणारा हात चालूच होता. हाताला उशिरा कळलं. बाटलीत मात्र त्यानंतर एक थेंब पडला नाही.

मी नीटच्या क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते. घर अमरावतीला, क्लासचं मुख्य केंद्रही अमरावतीलाच. तिथे तास असला की मधल्या सुट्टीत स्कूटीवरून घरी जाऊन सम्यकाला पाजून परत येता येतं. पण आठवड्यातले तीन दिवस अकोल्याच्या शाखेत जावं लागतं. सकाळी बसने निघायचं, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला, आणि संध्याकाळी तसंच उलटं. तेवढा वेळ अंगावरचं दूध थांबत नाही. ते येतं, साचतं, दगड होतं, आणि काढलं नाही तर हळूहळू शरीर समजतं की आता याची गरज उरली नाही. सम्यका तेव्हा पाच महिन्यांची होती. ती दोन महिन्यांची असताना डब्याची पावडर पाजून पाहिली होती, माझ्या रजेचं काही खरं नव्हतं म्हणून. त्यानंतर तिला जे जुलाब लागले, ते दवाखान्यात सलाइन लावेपर्यंत थांबले नाहीत. एवढ्याशा मनगटात सुई शोधताना नर्सने तिला चार ठिकाणी टोचलं. ती रडायची तेव्हा आवाज यायचा बंद झाला होता, नुसतं तोंड उघडायचं. डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिन्यांपर्यंत अंगावरच पाजा, वरचं काही नको. म्हणजे सगळं येऊन माझ्यावर पडलं. माझ्या अंगावरचं दूध हेच तिचं जेवण, तेच तिचं औषध. अकोल्यात काढलेलं दूध मी थर्मासमध्ये बर्फ घालून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये असताना माझी आई तिला ते वाटी-चमच्याने पाजायची. हा सगळा व्यवहार एका खोलीवर आणि एका खुर्चीवर उभा होता.

ती खोली मला मिळाली याचं सगळं श्रेय धर्मेंद्र सरांना. अकोला शाखा ते सांभाळतात. मी कामावर परत आले त्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं होतं, "मॅडम, लेकराचं कसं करता? काही सोय लागत असली तर लाजू नका." पुरुषाने हे इतकं सरळ विचारावं याची मला सवय नव्हती, मी उगाच छताकडे पाहत "बघते, सर" म्हणाले. पहिला आठवडा मी बाथरूममध्ये उभ्याने दूध काढलं, बाहेरून मुली दार वाजवायच्या. मग सरांनी जिन्याखालची बाजूची खोली मोकळी केली. भिंतीला गुलाबी रंग दिला, खुर्ची आणली, दारावर पाटी लावली, हिरकणी कक्ष. बसस्टँडवर असते तीच पाटी. उद्घाटनाला पेढे वाटले. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मला फीत कापायला लावली. मला त्या नावाची नेहमी गंमत वाटते. गडाचं दार बंद झालं म्हणून एक बाई लेकरासाठी अंधारात कडा उतरली, तर तिच्या नावाचा बुरूज बांधला. पुढच्या वेळी पाजणाऱ्या बाईसाठी दार उघडायचं, असं काही ठरलं की नाही, हे गोष्टीत कोणी सांगत नाही. पण हे तेव्हा माझ्या मनात नव्हतं. तेव्हा मी खरंच भारावले होते. घरी जाऊन नवऱ्याला, ललितला, सांगितलं, आमचे सर देवमाणूस आहेत.

आधी ती पेपरची खोली होती. टेस्ट सिरीजचे गठ्ठे तिथे ठेवायचे. मागे एकदा पेपर फुटला, पालकांनी गोंधळ घातला, तेव्हा अमरावतीहून संचालकांचा हुकूम आला की गठ्ठ्यांवर कॅमेरा पाहिजे. तो बसला. नंतर गठ्ठे वर हलले, खोलीत मोडकी बाकं आली, बाकं गेली आणि मी आले. रंग देणाऱ्याने वाटीभोवती नीट ब्रश फिरवला होता, काळ्या काचेच्या कडेला गुलाबी रंगाची बारीक रेघ होती. म्हणजे त्याने पाहिलं होतं. पाटी लावणाऱ्याने पाहिलं असेल. पेढे खाताना कोणी ना कोणी वर पाहिलंच असेल. ज्या क्लासमध्ये मुतारीचं दार सोडून सगळीकडे कॅमेरे आहेत, तिथे एक कॅमेरा कोणाच्या डोळ्यात भरणार? माझ्याच भरला नाही. मी एक महिना त्याच्यासमोर बसले.

वीज आली. मी बटणं लावली, तसलंच थोडंसं दूध थर्मासमध्ये ठेवलं आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. जाताना रिसेप्शनपाशी थांबले. तिथे भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्यात सगळे वर्ग चौकोनाचौकोनात दिसतात. पालक आले की आधी तिकडे पाहतात, आपलं पोरगं कुठे बसलंय. मीही पाहिलं. एक चौकोन काळा होता. तो माझा असेल, की एखाद्या बंद वर्गाचा, ते मला कळेना, आणि रिसेप्शनच्या मुलीला विचारायला तोंड उघडेना.

सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. वाईट हसले नाहीत. ओझं उतरल्यासारखे हसले. "अहो मॅडम, तो बंद आहे! पेपर होते तवाचा आहे तो. कनेक्शनच काढून टाकलं आपण. मले वाटलं तुमाले माहीत असंल."

"मला माहीत नव्हतं, सर."

"चला, चला, आत्ता मिटवून टाकू." त्यांनी शिपायाला हाक मारली, शिडी नव्हती म्हणून बाक मागवलं, बाकावर खुर्ची ठेवली, आणि स्वतः वर चढून वाटीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटपट्टीने लावला. खाली मंजुषा मॅडम उभ्या होत्या, केमिस्ट्रीच्या, त्यांना पाचवा लागला होता. रिसेप्शनची मुलगी दारातून वाकून पाहत होती. झाडझूड करणाऱ्या मैनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय झालं, सर? पाल आहे काय वर?" सगळे हसले. सरांनी खाली उतरून हात झटकले आणि म्हणाले, "झालं, मॅडम. आता बिनधास्त." मी आभार मानले. खरं म्हणजे मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, कारण समोर जो माणूस होता तो माझ्यासाठी घामाघूम होऊन बाकावर चढला होता. तो एक वाईट शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. आता शाखेतल्या प्रत्येकाला माहीत झालं होतं की मॅडम त्या खोलीत काय करतात, कशा बसतात आणि त्यांच्या डोक्यावर काय होतं. आणि त्यातल्या प्रत्येकाने, दोन सेकंदांसाठी का होईना, डोळ्यांसमोर ते पाहिलं असणार.

पुढच्या खेपेला मी खुर्ची फिरवून बसले, कोपऱ्याकडे पाठ करून. पंप लावला. डोळे मिटले. सम्यकाचा मोबाइलवरचा व्हिडिओ लावला, ती हुंकार देते तो, त्याने दरवेळी पान्हा फुटायचा. छाती टच्च भरलेली होती, आतून ठणकत होती, म्हणजे दूध होतं. फक्त येत नव्हतं. मानेवर मागून कोणीतरी बोट ठेवल्यासारखं वाटत होतं. हे काय असतं ते मला तोंडपाठ आहे. बाळ ओढतं, मेंदूला निरोप जातो, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, स्नायू आकुंचन पावतात आणि दूध बाहेर येतं. भीती, लाज, ताण असला की निरोप पोहोचत नाही. दरवर्षी यावर प्रश्न असतो, चार गुणांचा. मी मुलांना सांगते की हे प्रतिक्षिप्त आहे, आपल्या इच्छेवर नाही. मुलं खाली माना घालून लिहून घेतात. खुर्चीत बसून मी स्वतःला तो धडा शिकवत होते. कनेक्शन काढलेलं आहे, वर कागद आहे, कागदाच्या मागे मेलेली काच आहे. डोकं म्हणत होतं, समजलं. खाली कोणालाच समजलं नव्हतं.

माझ्या अंगाला पाहिलं जाण्याची ओळख जुनी आहे. अंजनगावला शाळेत असताना गुरुजी वर्गात म्हणायचे, शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा. आम्ही चार-पाच जण उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसल्या जागेवरून पाहायचा. कोणी काही म्हणायचं नाही, चिडवायचंही नाही, गुरुजींच्या मनातही काही नसायचं, त्यांना फक्त सह्या घ्यायच्या असायच्या. तेवढ्या वेळात माझे कान गरम व्हायचे आणि लघवी लागायची. बसा म्हटलं की मी पहिली बसायचे. नंतर मी वर्गात पहिली आले, विद्यापीठात आले, व्यासपीठावर उभी राहून बोलायला शिकले, मला वाटलं ते सगळं मागे पडलं. आता दोनशे मुलांसमोर मी माइक धरून विनोद करते. पण अंग विसरत नाही, ते कुठल्यातरी कप्प्यात गप बसून राहतं, आणि एखाद्या दुपारी पंखा थांबला की उभं राहतं.

त्या संध्याकाळी थर्मास हलकाच होता. आईने उघडून पाहिला. माझी आई, चतुराबाई, माझ्यासाठी गाव सोडून अमरावतीला येऊन राहिली आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, वरूडकडे संत्र्याच्या पेट्या भरल्या, आता नातीसाठी चौथ्या मजल्यावर बंद दारामागे बसते. "काहून वं? इतकंसंच?" ती म्हणाली. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, सम्यकाला मांडीवर झुलवत.

"मंग आता तं झाकला ना त्यानं?"

"झाकला."

"मंग?"

"येतच नाही, आई. मी काय करू?"

तिने सम्यकाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "तुले मी वावरातच पाजलं. साऱ्या बाया राहत, गडी राहत. झाडाले झोळी बांधलेली राहे. तू रडली का मुकादम पाठ फिरवून उभा राहे, धुऱ्याकडं तोंड करून. रामराव नाव होतं त्याचं. म्हने, चतुराबाई, पाज तिले, मंग लाग तासाले. तुह्यं पोट भरेपर्यंत मागं पाहे नाई."

"चांगला होता?"

"कायचा चांगला! तोंडानं बम फाटका. पण तेवढं कळे त्याले."

मला झोप लागेपर्यंत ते दृश्य सरकेना. उन्हात बांधाकडे तोंड करून उभा असलेला, शिव्या देणारा एक माणूस, आणि त्याच्या पाठीमागे माझी बावीस वर्षांची आई पदर घेऊन बसलेली. तिला कोणी पाटी लावून दिली नव्हती, फीत कापायला बोलावलं नव्हतं. मला हेवा वाटला. त्या दारिद्र्याचा नाही, मूर्ख नाही मी. त्या पाठीचा.

मग ताप आला. दूध साचून गाठी झाल्या, एका बाजूचं लाल झालं, स्पर्श सहन होईना. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, गरम पाण्याने शेका, बाळाला लावत राहा म्हणाल्या, आणि टेन्शन घेऊ नका म्हणाल्या. ललितने तेच सांगितलं. तो पाटबंधारे खात्यात आहे, शांत माणूस आहे, भांडी घासतो, रात्रीची दुपटी बदलतो. तो म्हणाला, "आता बंद आहे ना कॅमेरा? आधीपण बंदच होता. म्हणजे झालं काहीच नाही." बरोबरच होतं. काहीच झालं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि मला त्याला ओरबाडावंसं वाटलं. आईने आळिवाची खीर केली, शेपूची भाजी केली, डिंकाचे लाडू केले. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती सम्यकाला कडेवर घेऊन उभी होती आणि तिची उजवी मूठ बंद होती, मुठीतून मिठाचे खडे सांडत होते. आम्ही बौद्ध. आमच्याकडे दृष्ट काढत नाहीत, आईने स्वतः तरुणपणी घरातलं ते सगळं बंद पाडलं, सासूशी भांडून. मला पाहून ती ओशाळली. हात कुठे न्यावा ते तिला सुचेना. मग तिने मूठभर मीठ शिजत्या भाजीत टाकलं आणि झाकण ठेवलं. त्या दिवशीची भाजी आम्ही तिघांनीही मुकाट्याने खाल्ली.

अकोल्यात मी त्या खोलीत जात राहिले. कधी थोडं यायचं, बहुतेकदा नाही. कागदाची एक कड सुटली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडायची. मी परत मागे वळून पाहायचे. मग घरीही सुरू झालं. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काही नाही, एक कोळ्याचं जाळं आहे, पण पाजताना मी तिकडे पाहायचे. सम्यका ओढायची, ओढायची, येत नाही म्हटल्यावर तोंड बाजूला करून माझ्याकडे पाहायची. राग नसायचा त्या नजरेत. बुचकळ्यात पडलेली असायची. मी म्हणायचे, थांब हं, येतं, येतं आत्ता. ती परत लावून पाहायची. बिचारी फार वेळा लावून पाहायची.

तिचं वजन घटलं. डॉक्टर म्हणाले, आता दुसरी पावडर देऊन पाहू, लक्ष ठेवा. पहिली बाटली आईने पाजली. मी दुसऱ्या खोलीत दार लावून बसले होते. कानात तो दवाखाना होता, ती सुई, ते आवाज नसलेलं रडणं. दिवसभर दर तासाला मी तिचं दुपटं पाहत होते. रात्र गेली. सकाळ झाली. काही झालं नाही. जुलाब नाहीत, उलटी नाही. ती हसली, पाय झाडले, आणि गाढ झोपली, पोट तट्ट फुगलेलं. आई म्हणाली, "पचलं वं माय! पचलं तिले!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ललितने मित्राला फोन करून सांगितलं. आठवड्यात तिच्या गालावर मांस दिसायला लागलं. सगळं घर हलकं झालं. मीही हसले, तिला उचलून घेतलं, पापे घेतले. आणि आत, जिथे कोणी पाहत नाही तिथे, मला तिचा राग आला. मी तिला जगवत होते असं मला वाटत होतं, आणि तिला मी लागतच नव्हते. ती आजारी पडली नाही याचा मला राग आला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. असला विचार करणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण तो विचार आला होता आणि मी तो नीट, थंडपणे पाहिला होता.

एका रविवारी मी आईला म्हटलं, बाटली राहू दे, आज मी पाजते. सम्यकाला जवळ घेतलं. तिने तोंड लावलं, एकदा ओढलं, आणि पाठीची कमान करून किंचाळली. बाटलीकडे हात केला. मी परत लावलं. ती लाल झाली, मुठीने मला ढकललं. आई दारात येऊन उभी राहिली. "राहू दे वं आता," ती म्हणाली, "कायले तिले बी त्रास अन् तुले बी? लागली ते बाटलीले. सुटलं समज." किती सहज म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं, कामं करून करून थकलेल्या बाईचं शहाणपण होतं. मी सम्यकाला तिच्या हातात दिलं आणि बटणं लावली. त्यानंतर छाती कधी भरली नाही. दोन-चार दिवस हुळहुळलं, मग तेही थांबलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात धर्मेंद्र सरांनी खोली पक्की केली. माझ्या तापाचा, रजेचा त्यांच्या मनाला घोर लागला असणार. त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून तो कॅमेरा मुळापासून काढला, भोकं बुजवली, त्यावर रंग दिला. दाराला आतून कडी बसवली. एक छोटा फ्रिज आणला. खिडकीला जाड पडदा. वेळापत्रकात माझ्या दोन तासांच्या मध्ये मोकळी जागा सोडली, आणि मैनाबाईंना सांगितलं की मॅडम आत असतील तोवर दारापाशी बसायचं. मला दाखवायला घेऊन गेले तेव्हा लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते. "आता सांगा, मॅडम. काही राहिलं काय?"

काही राहिलं नव्हतं. जे जे पाहिजे होतं ते सगळं तिथे होतं. मी सांगायला तोंड उघडलं की सर, आता याची गरज नाही. तेवढ्यात मागून मंजुषा मॅडम आल्या. त्यांना आता सातवा संपत आला होता, जिना उतरूनही धाप लागली होती. त्यांनी फ्रिज उघडून आत हात धरला, तो गार हात गालाला लावला, कडी घालून-काढून पाहिली, आणि कोणाकडे न पाहता म्हणाल्या, "आमच्या घरचे म्हणतात नोकरी सोड. मी म्हटलं, आमच्याकडे खोली आहे." सर खूश झाले. मग म्हणाले, "फक्त एक आहे, मॅडम. अमरावतीहून संचालक विचारून राहिले, खोली वापरात आहे काय म्हणून. वर जागा पुरत नाही, टेस्टचे गठ्ठे पुन्हा खाली आणायचं म्हणतात. मी सांगतलं, आमच्या मॅडम रोज वापरतात. तुमी वापरता म्हणून तं टिकली, नाहीतर कवाची गेली असती."

मंजुषा मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्या बाळंतपणाला जातील, परत येतील, त्याला अजून कितीतरी महिने होते.

"वापरते ना, सर," मी म्हणाले.

तेव्हापासून अकोल्याच्या दिवशी मी दुपारी तिथे जाऊन बसते. पिशवीत पंप असतो, थर्मास असतो, रिकामा, पण बर्फ घालून आणते, कारण मैनाबाई कधी कधी पिशवी हातात घेतात आणि वजन त्यांना कळतं. आत गेल्यावर कडी लावते. खोली चांगली आहे, गार आहे, शांत आहे. कोणी पाहत नाही. मी कोपऱ्याकडे तोंड करून बसते, जिथे भोकं बुजवली तिथला रंग बाकीपेक्षा थोडा गडद दिसतो. पेपर तपासायला आणावेत म्हटलं, पण नको, कोणी दार वाजवलं तर टेबलावर पेपर दिसतील. मोबाइल पाहत नाही. नुसती बसते. लोक बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं माझं झालंय. कधी कधी बाहेर मुलं जिन्यावर आरडाओरडा करतात आणि मैनाबाई त्यांना दटावतात, "ए, चूप! मॅडम लेकरासाठी दूध काढून राहिल्या!" मुलं लगेच गप्प होतात, पाय न वाजवता वर जातात. एवढी आदबशीर शांतता मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. त्या शांततेत मी हात मांडीवर ठेवून बसते आणि छातीत काहीही होत नाही.

काल जरा लवकर उठावंसं वाटलं. खुर्ची सरकवली, पिशवी उचलली. आवाज ऐकून मैनाबाईंनी दाराला तोंड लावून हळूच विचारलं, "झालं काय, मॅडम? उठू मी?"

मी परत खाली बसले.

"नाही, मैनाबाई," मी म्हणाले. "अजून येतंय. थोडं थांबा."